लंडन बुद्रुक, लंडन खुर्द
एका ऑनलाइन मराठी वर्गाचं प्रकरण

परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी लिहा-वाचायला शिकवणाऱ्या एका छोट्या ऑनलाइन वर्गात २०२५ साली घडलेली ही गोष्ट आहे. शिकवतात एक निवृत्त शिक्षिका, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. नोंदणी, लिंक, हजेरी, फी ही मागची कामं मी बघतो. म्हणजे पुढे जो घोळ सांगणार आहे, त्यातला मोठा वाटा माझा. घरांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वेळा आणि तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण सगळी मेख त्यांच्यातच आहे.

पार्श्वभूमी

वर्ग शनिवार-रविवारी चालतात आणि बॅच पाडतो त्या घड्याळाच्या हिशेबाने. आखातातली मुलं एकत्र, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची एकत्र, ऑस्ट्रेलियाची एकत्र. जानेवारीत इंग्लंडच्या मुलांसाठी नवी बॅच काढली, अगदी अ-आ-इ-ईपासून. नोंदणीच्या फॉर्ममध्ये मुलाचं नाव, वय, घरी मराठी किती बोलतात, शहर आणि व्हॉट्सॲप नंबर एवढंच विचारलं होतं. देश विचारला नव्हता. लंडन, दुबई, सिडनी लिहिल्यावर देश कशाला विचारायचा, असं मला वाटलं होतं.

सहा घरांनी 'लंडन' लिहिलं. मी त्यांचा 'लंडन बॅच' नावाचा ग्रुप केला आणि संदेश टाकला, "वर्ग दर शनिवारी सकाळी १० वाजता, लंडनच्या वेळेनुसार. पहिला वर्ग ११ जानेवारी." जानेवारीत इंग्लंडचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. ताईंची वामकुक्षी होऊन चहा झालेला असतो, त्यांनाही सोयीचं.

सहांपैकी एक घर कॅनडातल्या लंडनचं होतं. ओंटारिओ प्रांतात, टोरांटोपासून गाडीने साधारण दोन तासांवर लंडन नावाचं चांगलं मोठं शहर आहे. १७९३ साली जॉन ग्रेव्ह्ज सिमको या लेफ्टनंट गव्हर्नराने ती जागा राजधानीसाठी हेरली आणि हौसेने नावही देऊन टाकलं. राजधानी तिथे झाली नाही, गाव वसायलाही १८२६ उजाडलं, पण इंग्लंडच्या लंडनमधली नावं राहिली. तिथल्या नदीचं नाव थेम्स, परगण्याचं मिडलसेक्स, मंडईचं कॉव्हेंट गार्डन, आणि शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा रस्ता ऑक्सफर्ड स्ट्रीट.

यामुळे ग्रुपवर ओळखीपाळखी झाल्या तेव्हाही कुणाला काही खटकलं नाही. एका बाबांनी लिहिलं, "आम्ही हाऊन्स्लोला, तुम्ही कुठे?" कॅनडातल्या आईने खरं तेच सांगितलं, "ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ. थेम्सही चालत जाण्यासारखी आहे." त्यावर ग्रुपवर डोळे विस्फारलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. ऑक्सफर्ड स्ट्रीटला राहणारं मराठी कुटुंब, भाडं किती असेल! तिला त्या चेहऱ्यांचा अर्थ लागला नाही. कॅनडात जाऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं, व्हॉट्सॲप अजून भारतातल्या नंबरवर होतं आणि फी आजोबांनी साताऱ्याहून यूपीआयने भरली होती. देश सांगणारी एकही खूण आमच्यापर्यंत आली नाही. निदान तेव्हा तरी मला तसंच वाटलं.

अडचण

११ जानेवारीला पाच मुलं आली, एक आलं नाही. ताईंनी गैरहजेरी मांडली.

त्याच रात्री आठ पन्नासला ताईंच्या फोनवर त्या आईचा संदेश आला, "ताई, आम्ही लिंक उघडून बसलोय. अजून सुरू झालं नाही का?" ताई फोन स्वयंपाकघरात ठेवून जेवायला बसल्या होत्या. सकाळी त्यांनी उत्तर दिलं, "वर्ग वेळेवर दहालाच झाला. पुढच्या वेळी थोडं आधी या." तिकडून आलं, "आम्ही दहालाच होतो." ताईंनी मला कळवलं, लिंकची काहीतरी गडबड दिसते.

१८ तारखेला तेच. मी लिंक तपासली, चालत होती. नवी करून पाठवली.

२५ तारखेला मी स्वतः सव्वातीनपासून बसून राहिलो. साडेतीनला मूल दिसलं नाही म्हणून पाच मिनिटांनी तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे, "फोनही उचलत नाहीत." उचलणार कशा? तिथे पहाटेचे पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. नंतर तिने सांगितलं, मिस्ड कॉल बघून तिला काही विशेष वाटलं नाही. भारतातले लोक करतातच अवेळी फोन. तिच्या आठ वाजता, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसहाला, तिने विचारलं, "काही अर्जंट होतं का?" मी लिहिलं, "वर्गासाठी केला होता." ती म्हणाली, "हो हो, येतोच आहोत."

वर्ग संपून दोन तास उलटले होते आणि बाई म्हणतात येतोच आहोत. मी ताईंना म्हटलं, या घराला गांभीर्य नाही.

रात्री नऊला तिचा शेवटचा संदेश आला. आम्हाला काही हे जमत नाहीये, पैसे परत मिळतील का?

उलगडा

घोळ पकडला तो कुरिअरवाल्या मुलाने. सगळ्या मुलांना ताईंनी तयार केलेली मुळाक्षरांची पुस्तिका पाठवायची होती. पत्ते फोनवर येऊन पडले होते. मी ते न वाचताच चिकटपट्ट्यांवर छापून घेतले. त्यानंतरच्या मंगळवारी सहा पाकिटं घेऊन काउंटरवर गेलो. पाच पटापट झाली. सहाव्याला तो मुलगा थांबला. त्याच्या स्क्रीनवर देश निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

"साहेब, यूके टाकलं तर पिन कोड घेत नाहीये."

"लंडनच आहे ना?"

"लंडन आहे, पण पुढे ओएन लिहिलंय. आणि कोडमध्ये एक अक्षर, एक आकडा असं आलटूनपालटून आहे, तो कॅनडाचा." त्याने पाकीट माझ्याकडे वळवून धरलं. "कुठलं लंडन पाहिजे तुम्हाला?"

ताईंना तिथूनच फोन केला. क्षणभर त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अरे, आपल्याकडे असतं तर एकाला बुद्रुक म्हटलं असतं, एकाला खुर्द." पुण्यात वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द अशी सोय आहेच. त्या दिवसापासून आमच्यात इंग्लंडचं ते बुद्रुक आणि कॅनडाचं ते खुर्द. इथेही तीच नावं वापरतो.

आईला फोन केला, या वेळी तिथलं घड्याळ बघून. आधी ती खूप हसली. मग म्हणाली, "तीन शनिवार मुलाला आंघोळ घालून, केस विंचरून, वही-पेन्सिल देऊन बसवलं हो. तिसऱ्या वेळी त्यानेच विचारलं, ताईंना मी आवडत नाही का?"

चूक नेमकी कुठे झाली

फॉर्ममध्ये देश नव्हता, ही चूक उघड आहे आणि तिच्यावर फार बोलण्यासारखं नाही. मला जास्त लागली ती दुसरीच. जुने संदेश चाळताना ९ जानेवारीचा एक सापडला, पहिल्या वर्गाच्या दोन दिवस आधीचा. मी पाठवलेल्या कॅलेंडरच्या इन्व्हाइटबद्दल तिने लिहिलं होतं, "इन्व्हाइटमध्ये पहाटेचे ५ दाखवतंय. १० ना?"

आणि माझं उत्तर, "हो, १०च. सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोन लंडन करा, बरोबर दिसेल."

तिने केलं. बरोबर 'दिसलं'.

कॅलेंडर खरं बोलत होतं. बुद्रुकचे दहा म्हणजे खुर्दचे पाच. या सगळ्यात खरी वेळ फक्त त्या इन्व्हाइटला माहीत होती आणि मी त्याचंच तोंड बंद करायला लावलं. तिच्या अकाउंटवर टोरांटोचा टाइम झोन लागलेला होता, तोच योग्य होता. संगणकांत जी टाइम झोनची यादी वापरतात ती गावांची यादी नसते. सारखं घड्याळ असलेल्या एकेका प्रदेशाला एखाद्या शहराचं नाव दिलेलं असतं. खुर्दला त्यात वेगळी नोंद नाही, ते टोरांटोत येतं. यादीत 'लंडन' आहे ते बुद्रुक. गंमत म्हणजे आपल्याला हे चांगलं ठाऊक असतं. पुण्यात बसून आपण वर्षानुवर्षं 'कोलकाता' निवडतो आणि कुणी म्हणत नाही की मी कोलकात्यात राहत नाही. पण यादीत आपल्याच गावाचं नाव समोर दिसलं की हात थांबत नाही.

त्या ९ तारखेला मी उलट प्रश्न विचारायला हवा होता, "पहाटे पाच का दाखवतंय बरं?" पाच तासांचा फरक आपोआप पडत नाही. मोबाइल बिघडला तर वेळ काहीही दाखवेल. नेमकी पाच पूर्ण तासांनी चुकणार नाही.

दुसरी हुकलेली खूण म्हणजे रात्री आठ पन्नासचा संदेश. तिने "बसलोय" लिहिलं होतं, "बसलो होतो" नव्हे. व्हॉट्सॲप प्रत्येकाला आपापल्या घड्याळातली वेळ दाखवतं, त्यामुळे आठ पन्नास ही ताईंची वेळ होती. तेव्हा बुद्रुकला दुपारचे तीन वीस झाले असणार, मग ही बाई आत्ता कशी बसली आहे? ताईंनी तो सकाळी वाचला, तोवर 'आत्ता' शिळं झालं होतं.

पर्याय

मूल तीन धडे मागे पडलं होतं आणि मन दुखावलं होतं ते वेगळंच. आमच्यापुढे पाच वाटा होत्या.

पैसे परत करून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात सोपी. पण आई म्हणाली, पैशांचं मी रागात लिहिलं, तुम्ही शिकवणार असाल तर हवंय.

पूर्व अमेरिकेच्या बॅचमध्ये घालायचं. घड्याळ तंतोतंत तेच, रविवारी सकाळी नऊ. पण ती मुलं ऑक्टोबरपासून शिकत होती आणि जोडाक्षरांपर्यंत पोचली होती. सहा वर्षांच्या मुलाला 'क' गिरवत 'ज्ञ'वाल्यांत बसवणं ताईंना पटेना.

रेकॉर्डिंग पाठवायचं. ताईंनी हे एका वाक्यात निकालात काढलं, "रेकॉर्डिंग त्याला शाबास म्हणणार आहे का?"

एकट्याला वेगळा तास द्यायचा. ताईंची तयारी होती, पण मुलाला सोबत मिळाली नसती.

आणि पाचवी वाट, अख्खी लंडन बॅच हलवायची. बुद्रुकला दुपारी दोन, खुर्दला सकाळी नऊ, आपल्याकडे रात्री साडेसात.

आम्ही पाचवी निवडली. बुद्रुकच्या पाचांपैकी चार घरं लगेच हो म्हणाली. पाचव्या घरी शनिवारी दुपारी पोहण्याचा क्लास होता; त्यांनी कुरकुर न करता एक आठवडाआड रेकॉर्डिंगवर भागवायचं मान्य केलं. थोडक्यात, जे एका मुलाला चालणार नाही म्हणून नाकारलं, ते दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. आज निर्णय घ्यायचा असता तर मी चौथी वाट धरली असती. दोन महिने एकट्याला शिकवून त्याला अमेरिकेच्या बॅचच्या जवळ आणलं असतं आणि मग तिथे घातलं असतं. आम्ही अपराधी वाटण्याच्या भरात होतो, आणि अशा वेळी माणूस दिसेल ती मोठी भरपाई देऊन टाकतो. ताईंना हे माझं म्हणणं मान्य नाही. सहा मुलं एकत्र आहेत, एकमेकांची नावं घेऊन भांडतात, आणखी काय हवं, असं त्या म्हणतात.

काय केलं

पहिल्या आठवड्यात ताईंनी मुलाला तीन बुडालेले धडे एकेकटे घेऊन दिले. पहिल्याच तासाला त्याला सांगितलं, "मी तुझी वाट बघत होते, पण चुकीच्या लंडनमध्ये." त्याला हे भलतंच आवडलं.

आईला टाइम झोन परत टोरांटो करायला सांगितला. ग्रुपचं नाव 'दोन्ही लंडन' केलं. आणि सगळ्यात वर कायम दिसेल असा संदेश लावून ठेवला, "शनिवार. इंग्लंड दुपारी २, कॅनडा सकाळी ९, भारत रात्री ७.३०. दोन लंडनांत ५ तासांचा फरक आहे, कृपया लक्षात ठेवा."

हा संदेश लिहून मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं. फेब्रुवारी सुरळीत गेला.

मार्चमध्ये पुन्हा

१५ मार्चला संध्याकाळी सहा पस्तीसला तिचा संदेश आला, "ताई, पुन्हा तेच?"

या वेळी मी ताबडतोब फोन केला. तिच्याकडे सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती, मूल तयार होऊन बसलं होतं. वर्गाला अजून तासभर वेळ होता.

कॅनडा आणि अमेरिकेच्या बहुतेक भागांत उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे करतात ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. २०२५ साली खुर्दचं घड्याळ ९ मार्चला पुढे गेलं, बुद्रुकचं ३० मार्चला. मधले तीन शनिवार, १५, २२ आणि २९, दोन्ही लंडनांतला फरक पाच तासांचा नव्हता, चारच तासांचा होता. बुद्रुकचे दोन म्हणजे खुर्दचे दहा. भारतात घड्याळ पुढेमागे करायची पद्धत नाही, त्यामुळे आपल्या डोक्यात फरक हा कायमचा असतो, दोन गावांतल्या किलोमीटरांसारखा. मी तो तसाच लिहून टाकला होता, वर 'लक्षात ठेवा' म्हणून.

यात जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळी आहे. तिच्या कॅलेंडरवर त्या दिवशी बरोबर सकाळी दहा दिसत होते. "दिसले मला," ती म्हणाली, "पण तुमच्या मेसेजमध्ये नऊ होतं. आणि इन्व्हाइट चुकीचं दाखवतं हे तुम्हीच जानेवारीत सांगितलं होतंत."

यावर मी काय बोलणार!

मूल तासाभराने आलं, वर्ग झाला. नुकसान तासाचंच, पण त्या संध्याकाळी बसून वरचा संदेश काढून टाकला. फरक लिहिणं बंद. ग्रुपला एकच सांगितलं, वर्ग बुद्रुकच्या दुपारी दोनला बांधलेला आहे. बाकी सगळ्यांनी, ताईंनी आणि मीसुद्धा, आपापलं कॅलेंडर बघायचं आणि माझा संदेश वेगळा असेल तर कॅलेंडर खरं मानायचं.

याची परीक्षा लगेच झाली. त्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला, नेमका ब्रिटनचं घड्याळ बदलण्याच्या दिवशी. मुलांनी आपापल्या घरची गुढी दाखवायचा कार्यक्रम ठरला होता, बुद्रुकच्या दुपारी दोनला. त्या पहाटे बुद्रुकचं घड्याळ पुढे गेलं, फरक पुन्हा पाच तासांवर आला, आणि आपल्याकडची वेळ साडेसातऐवजी साडेसहा झाली. ताईंच्या भिंतीवर 'साडेसात' लिहिलेला कागद होता. तो मी आदल्या दिवशी त्यांना फोनवरून काढायला लावला. साडेसहाला त्या देवापुढे दिवा लावून बसल्या आणि सहाही चौकटी भरल्या. खुर्दची गुढी हॉकीच्या काठीला बांधलेली होती, वर स्टीलचा पेला उपडा.

निष्पत्ती आणि आता काय वेगळं

मूल टिकलं, आता बाराखडी वाचतं. पोहण्याच्या क्लासवालं घर मे महिन्यात बाहेर पडलं. कारण विचारलं नाही, कळण्यासारखं होतं.

फॉर्ममध्ये देश आला, हे सांगायला नको. त्याहून उपयोगी ठरला तो ताईंनी सुचवलेला प्रश्न, "फॉर्म भरताना तुमच्या घड्याळात किती वाजलेत?" फॉर्म कधी आला ती भारतातली वेळ माझ्या तक्त्यात आपोआप पडते. दोन्ही शेजारी ठेवली की घर कुठल्या घड्याळावर चालतं ते कळतं, गावाचं नाव काही का असेना. एक पळवाट आहे. उन्हाळ्यात एका घराने पुण्याला सुट्टीवर आलेलं असताना फॉर्म भरला, फरक शून्य आला आणि शहर 'पोर्टलंड'. विचारल्यावर कळलं, ओरेगॉनचं. मेन राज्यातलं असतं तर घड्याळ तीन तास पुढे.

मग मी जुनी यादीही चाळली. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे तसं अलाबामातही आहे, दोहोंत बहुतेक वर्षभर सहा तास. कोलंबसचं तर विचारूच नका. ते म्हटल्यावर बहुतेकांना ओहायो आठवतं, पण पुण्यातल्या इंजिनिअरांच्या घरात कोलंबस म्हणजे इंडियाना, कारण इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्यालय तिथे. २००६ पर्यंत इंडियानाच्या बहुतांश भागात घड्याळ बदलतच नसत, त्यामुळे हिवाळ्यात दोन्ही कोलंबसांची वेळ एक आणि उन्हाळ्यात तासाचा फरक. तेव्हा आमचा वर्ग नव्हता, हे बरंच झालं.

शरद ऋतूत हाच खेळ उलटा होतो. ब्रिटनचं घड्याळ २६ ऑक्टोबरला मागे आलं, कॅनडाचं २ नोव्हेंबरला. मधला एकच शनिवार, १ नोव्हेंबर. गुरुवारीच खुर्दच्या आईचा संदेश आला, "शनिवारी आम्ही १० ना?"

मी उत्तर लिहायला घेतलं होतं, ते थांबवलं आणि विचारलं, "इन्व्हाइटमध्ये काय दाखवतंय?"

"१०."

मग लिहिलं, "हो, १०च."